लसीकरणोत्तर नेत्रशोथ : वैद्यांची दक्षता आणि मर्यादा

प्रास्ताविक

आषाढ-श्रावणात पंढरपूर व परिसरातील वैद्यांकडे लाल डोळ्यांचे रुग्ण नित्य येतात. यात्रेची गर्दी, पावसाळी दमट हवा, मठ-धर्मशाळांतील सामुदायिक निवास आणि एकच पंचा अनेकांनी वापरणे यांमुळे डोळे येण्याची साथ सहज पसरते. जुलै २०२३ मध्ये आळंदी परिसरात आणि पाठोपाठ राज्याच्या अनेक जिल्ह्यांत या साथीने हजारो लोकांना ग्रासले होते. असे डोळे बहुधा आठ-दहा दिवसांत बरे होतात. त्यामुळे लाल डोळा दिसला की नेत्राभिष्यंद असे निदान करून मोकळे होण्याची सवय आपल्याला जडते.

या सवयीतच धोका आहे. अनेक लाल डोळ्यांमध्ये एखादा डोळा असा असतो की ज्याचा शोथ बाह्य आवरणात नसून आतील मध्यपटलात असतो. आधुनिक नेत्रशास्त्र त्यास युव्हिआयटिस म्हणते. त्यातच रुग्ण 'लस घेतल्यापासून डोळा बिघडला' असे सांगू लागला, तर वैद्यापुढे एकदम तीन प्रश्न उभे राहतात. हा कोणता व्याधी आहे? तो खरोखर लसीमुळे झाला काय? आणि पुढील मात्रा घ्यावी की नाही? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर रुग्णाची दृष्टी अवलंबून आहे, तर उरलेल्या दोहोंच्या उत्तरावर त्याच्या कुटुंबाचा, क्वचित संपूर्ण गावाचा लसीकरणावरील विश्वास.

आपले अनेक पदवीधर बंधुभगिनी आज समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून उपकेंद्रांवर सेवा देत आहेत. खेड्यातील रुग्ण प्रथम त्यांच्याकडे किंवा खाजगी वैद्याकडेच येतो. म्हणून हा विषय केवळ नेत्रतज्ज्ञांवर सोपवून चालणार नाही.

लस आणि नेत्र : पूर्वपीठिका

मराठीत लस टोचण्यास आजही वृद्ध मंडळी 'देवी काढणे' म्हणतात. हिंदुस्थानातील देवीची पहिली यशस्वी लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचली गेली. देवीच्या रोगाने जीव वाचला तरी डोळ्यात फूल पडून कायमचे अंधत्व येणे ही त्या काळी सर्वत्र दिसणारी गोष्ट होती. त्या अंधत्वाचे निर्मूलन औषधाने झाले नाही, लसीनेच झाले. १९७७ मध्ये भारत देवीमुक्त घोषित झाला.

याच लसीचा नेत्राशी आणखी एक संबंध होता. दंडावरील टोचणीच्या पुळीला हात लावून तोच हात डोळ्यास लावल्यास लसीतील जिवंत विषाणू पापणीवर किंवा बुबुळावर वाढून व्रण करीत असे. लस डोळे वाचवते आणि क्वचित डोळ्यास उपद्रवही करते, ही दोन्ही विधाने एकाच वेळी सत्य असू शकतात, हे येथून शिकावयाचे.

पंढरीला तर लसीकरणाचा स्वतंत्र इतिहास आहे. यात्रेतून पटकीची साथ गावोगाव पसरे, म्हणून विसाव्या शतकात वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घेण्याची व्यवस्था करण्यात आली. अलीकडे कोविडच्या साथीत २०२० व २०२१ या दोन वर्षी पायी वारी झाली नाही. पालख्यांतील पादुका एस.टी.च्या गाड्यांतून पंढरपुरास आणाव्या लागल्या. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोविडचे लसीकरण सुरू झाले आणि २०२२ च्या आषाढीस वारी पुन्हा पूर्ववत भरली.

गोवर आणि रुबेला यांचेही असेच आहे. गोवरानंतर, विशेषतः जीवनसत्त्व 'अ'ची कमतरता असलेल्या बालकांत, बुबुळ विरघळून अंधत्व येते. गर्भिणीस रुबेला झाल्यास बालक मोतीबिंदू घेऊन जन्मास येऊ शकते. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली गोवर-रुबेला मोहीम ही त्या अर्थाने नेत्ररक्षणाचीही मोहीम होती. लसीच्या दुर्मिळ नेत्रोपद्रवाचा विचार करताना तराजूचे हे दुसरे पारडे दृष्टीआड होता कामा नये.

युव्हिआयटिस म्हणजे काय

नेत्रगोलाची तीन आवरणे आहेत. बाहेर श्वेतपटल व पारपटल, आत दृष्टिपटल, आणि या दोहोंच्या मध्ये रक्तवाहिन्यांनी समृद्ध असे मध्यपटल. बाहुलीभोवतीची परितारिका, तिच्या मागील रोमक पिंड आणि त्यामागील रंजितपटल मिळून हे मध्यपटल बनते. त्याचा शोथ म्हणजे युव्हिआयटिस. शोथ कोठे आहे यावरून त्याचे अग्र, मध्य, पश्च आणि सर्वव्यापी असे चार प्रकार केले जातात.

अग्र प्रकार सर्वाधिक आढळतो. त्यात डोळा दुखतो, उजेड सोसत नाही, पाणी वाहते आणि दृष्टी धूसर होते. लाली बुबुळाच्या कडेभोवती कड्याप्रमाणे दाट असते. बाहुली लहान होते. परितारिका मागील भिंगास चिकटू लागली म्हणजे बाहुली वाकडीतिकडी दिसते. पश्च प्रकारात लाली व वेदना जवळजवळ नसतात. केवळ धूसर दिसणे, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगणे किंवा सरळ रेषा वाकड्या दिसणे एवढीच लक्षणे असतात. म्हणून डोळा पांढरा स्वच्छ दिसतो, सबब काळजी नाही, असे समजणे घातक ठरते.

उपेक्षा झाल्यास काचबिंदू, मोतीबिंदू, दृष्टिपटलाची सूज आणि अखेरीस अंधत्व असा क्रम संभवतो. वेळीच चिकित्सा झाल्यास अग्र प्रकारातील बहुसंख्य रुग्णांची दृष्टी टिकते.

लसीनंतर हा शोथ का संभवतो

नेत्राचा अंतर्भाग शरीराच्या प्रतिकारयंत्रणेपासून काहीसा अलिप्त ठेवलेला असतो. रक्त आणि नेत्र यांच्यामध्ये एक सूक्ष्म बांध असतो. लसीने प्रतिकारशक्ती जागृत होते, तोच तर तिचा हेतू. ही जागृती एखाद्या व्यक्तीत मर्यादा ओलांडून नेत्रातील धातूंवर उलटू शकते, अशी कल्पना आहे. लसीतील एखादा घटक व नेत्रातील एखादे प्रथिन यांच्या रचनेत साम्य असणे, लसीत घातलेल्या ॲल्युमिनियमच्या क्षारांसारख्या पूरक द्रव्यांनी प्रतिक्रिया वाढणे, किंवा प्रतिजन व प्रतिपिंड यांचे संयुग सूक्ष्म वाहिन्यांत साचणे, असे तीन मार्ग सुचविले जातात. देवी व बीसीजीसारख्या जिवंत लसींत जंतूचा प्रत्यक्ष प्रवेश हा चौथा मार्ग. हे सर्व तर्क आहेत. प्रत्येक रुग्णात त्यांपैकी कोणता घडला हे दाखविणारी चाचणी उपलब्ध नाही.

जगातील नोंदी

२०१६ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सुमारे २६ वर्षांच्या काळातील लसीकरणोत्तर युव्हिआयटिसच्या २८९ नोंदी एकत्र केल्या होत्या. त्यांत १९९ स्त्रिया व ८५ पुरुष होते. उर्वरितांचे लिंग नोंदलेले नव्हते. लसीनंतर लक्षणे सुरू होईपर्यंत सरासरी १६ दिवस गेले होते. सर्वाधिक नोंदी हिपॅटायटिस-बी लसीच्या होत्या. याखेरीज ह्यूमन पॅपिलोमा, इन्फ्लुएन्झा, बीसीजी, गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्या यांच्या लसींनंतरही असे रुग्ण नोंदले गेले. जगभर कोट्यवधी मात्रा दिल्या जात असताना इतक्या दीर्घ काळात एवढ्याच नोंदी गोळा होणे यावरून हा उपद्रव किती विरळ आहे याची कल्पना येते. अर्थात सर्वच रुग्ण नोंदले जात नाहीत, हेही ध्यानात घ्यावे.

कोविड काळात अल्पावधीत अफाट संख्येने लसीकरण झाल्याने या प्रश्नाचा अधिक काटेकोर अभ्यास शक्य झाला. अमेरिकेच्या व्हेअर्स या नोंदवहीवरून केलेल्या अभ्यासात ४० देशांतील १,०९४ रुग्ण आढळले. हे प्रमाण दहा लाख मात्रांमागे एकाहून कमी होते. इस्राएलमध्ये फायझरची लस घेतलेल्या सुमारे २६ लाख लोकांच्या अभ्यासात पहिल्या मात्रेनंतर दर लाखामागे सुमारे एक अधिक रुग्ण आढळला. कोरियातील अभ्यासात ज्यांना पूर्वी युव्हिआयटिस होऊन गेला होता अशाच सुमारे पावणेपाच लाख लोकांचा विचार केला गेला. त्यांपैकी सुमारे १७ टक्के लोकांना लसीनंतरच्या एका वर्षात व्याधीने पुन्हा गाठले. यातील मोठा भाग व्याधीच्या मूळच्या पुनरावर्तनशील स्वभावाचा आहे, हे उघड आहे. तथापि पूर्वेतिहास असलेल्यावर लसीनंतर अधिक लक्ष ठेवावे, एवढा बोध त्यातून निश्चित मिळतो.

आपल्याकडे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली कोव्हिशिल्ड सर्वाधिक वापरली गेली. तिच्यानंतर उद्भवलेल्या युव्हिआयटिसचे रुग्णवृत्तान्त भारतीय नेत्ररुग्णालयांतून प्रसिद्ध झाले आहेत. त्यांत व्होक्ट-कोयानागी-हाराडा व्याधीचेही वृत्तान्त आहेत. या व्याधीत दोन्ही डोळ्यांची दृष्टी काही दिवसांत मंदावते आणि सोबत डोकेदुखी, मान आखडणे, कर्णनाद अशी लक्षणे असतात. एका लसीची आकडेवारी दुसऱ्या जातीच्या लसीस जशीच्या तशी लावता येत नाही, हे मात्र विसरू नये.

आयुर्वेदीय विचार

युव्हिआयटिस म्हणजे ग्रंथोक्त अमुक व्याधी, असे एकास एक समीकरण मांडणे आम्हास योग्य वाटत नाही. सुश्रुतांनी ७६ नेत्ररोग सांगितले. त्यांपैकी १७ सर्वगत आहेत. पित्तज व रक्तज अभिष्यंद, अधिमंथ, सशोफ व अशोफ अक्षिपाक, वातपर्यय यांपैकी एक वा अनेकांची लक्षणे युव्हिआयटिसच्या भिन्न अवस्थांत मिळतात. रक्तज अभिष्यंदातील सर्व बाजूंनी दिसणाऱ्या लाल रेषा, पित्तज प्रकारातील दाह व उष्ण अश्रू, अधिमंथातील अर्ध्या डोक्यास व्यापणारी आणि नेत्र घुसळल्यासारखी वेदना यांचा विद्वानांनी अवस्थानुसार विचार करावा.

चिकित्सकाच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब निराळी आहे. सुश्रुतांनी बहुतेक नेत्ररोगांचे मूळ अभिष्यंदात सांगितले आणि उपेक्षित अभिष्यंदातून अधिमंथ होतो असे बजावले. एवढ्यावर न थांबता त्यांनी अधिमंथाने दृष्टी नष्ट होण्याची कालमर्यादाही दिली. कफज अधिमंथात सात रात्री, वातजात सहा, रक्तजात पाच आणि पित्तजात तर तत्काळ. म्हणजे दिवस मोजून वागण्याची शिस्त आपल्याच तंत्रात आहे. 'आठ दिवस औषध घेऊन पाहा' हा सल्ला अशा नेत्राला देणे शास्त्रविरुद्धच ठरते.

दुसरी बाब अधिकाराची. चरकाचार्यांनी नेत्ररोगांचे वर्णन करताना हा दुसऱ्या तंत्राचा अधिकार आहे म्हणून विस्तार टाळला. कायचिकित्सेच्या महान आचार्यास शालाक्याची मर्यादा मानण्यात कमीपणा वाटला नाही. आज ज्या नेत्राची तपासणी स्लिट लॅम्पखेरीज पूर्ण होऊ शकत नाही, त्याबाबत आपणही तीच मर्यादा मानावी.

तिसरी बाब हेतूंची. मधुकोश व्याख्येत हेतूचे उत्पादक आणि व्यंजक असे भेद सांगितले आहेत. उत्पादक हेतू व्याधी निर्माण करतो, तर व्यंजक हेतू आधीच सिद्ध असलेल्या दोषसंचयास प्रकट करतो. लसीकरणोत्तर युव्हिआयटिसच्या अनेक रुग्णांत पूर्वीचा युव्हिआयटिस, संधिरोग किंवा अन्य प्रतिकारजन्य व्याधी आढळतो. अशा ठिकाणी लस हा फार तर व्यंजक हेतू म्हणता येईल. ही परिभाषा वापरली तर 'लसीने डोळा घालवला' आणि 'लसीचा काहीएक संबंध नाही' ही दोन्ही टोके टळतात.

सापेक्ष निदान

लाल डोळ्याच्या रुग्णात पुढील भेद प्रत्येक वैद्याने मुखोद्गत ठेवावेत.

१. नेत्राभिष्यंद, म्हणजे डोळे येणे : बहुधा दोन्ही डोळे, चिपडे येणे, सकाळी पापण्या चिकटणे, खाज किंवा वाळू गेल्यासारखे वाटणे. घरात किंवा शाळेत तसेच इतर रुग्ण. चिपडे पुसल्यावर दृष्टी स्वच्छ. बाहुली प्राकृत.

२. अग्र युव्हिआयटिस : बहुधा एक डोळा, खोल वेदना, प्रकाश असह्य, चिपडे नाहीत, लाली बुबुळाच्या कडेभोवती, बाहुली लहान वा वाकडी, दृष्टी धूसर. निरोगी डोळ्यावर बॅटरीचा प्रकाश टाकला तरी आजारी डोळ्यात कळ येते. ही खूण फार उपयोगी आहे.

३. पारपटलाचा व्रण : काडी, पाचट, कुसळ लागल्याचा इतिहास, बुबुळावर पांढरा ठिपका, तीव्र टोचणी.

४. तीव्र काचबिंदू : बहुधा प्रौढ वय, तीव्र शिरःशूल, वांती, दिव्याभोवती रंगीत वलये, बुबुळ धुरकट, बाहुली मध्यम मोठी व स्थिर.

५. नागीण : कपाळ व नाकाच्या शेंड्यावर फोड, त्याच बाजूचा डोळा लाल. कोविड लसीनंतर नागिणीचेही काही रुग्ण नोंदले गेले आहेत.

६. लसीनंतर २४ तासांत दोन्ही डोळे लाल, सोबत खोकला किंवा घशात आवळल्यासारखे होणे : २०००-०१ च्या हंगामात कॅनडात इन्फ्लुएन्झा लसीनंतर असा लक्षणसमूह आढळला होता. तो बहुधा दोन दिवसांत आपोआप शमतो. मात्र श्वासकष्ट, अंगावर गांधी उठणे किंवा चक्कर असल्यास ती तीव्र ॲलर्जी समजून रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे.

युव्हिआयटिसची शंका आल्यावर लसीखेरीज अन्य कारणांचा शोध घेणे आवश्यक असते. आपल्या भागात क्षयरोग हे त्यांपैकी प्रमुख. दीर्घकालीन खोकला, वजन घटणे, घरातील क्षयरुग्ण यांची चौकशी करावी. तरुण पुरुषात सकाळी कंबर आखडत असेल तर मणक्याच्या संधिशोथाचा विचार करावा. कुष्ठरोग, उपदंश, सारकॉइडोसिस, टोक्सोप्लाज्मा, शेतात पाण्यात काम करणाऱ्यांत लेप्टोस्पायरोसिस आणि मुलांत बालसंधिशोथ हीही कारणे स्मरणात ठेवावीत. बालसंधिशोथात डोळा अजिबात लाल न होता आतून बिघडत जातो.

कालक्रम म्हणजे कारण नव्हे

कावळा फांदीवर बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडावी, हा काकतालीय प्रकार लोकव्यवहारात आपण ओळखतो. चिकित्सेत मात्र विसरतो. एक साधा हिशेब पाहू. पाश्चात्त्य देशांतील अभ्यासांनुसार युव्हिआयटिसचे नवे रुग्ण दरवर्षी लाखामागे सुमारे १७ ते ५२ असतात. समजुतीसाठी हा आकडा ३० धरू. २०११ च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ४३ लाख होती. त्यांपैकी दहा लाख लोकांनी एखादी लस घेतली असे मानू. या दहा लाखांत लस न घेताही वर्षाला ३०० आणि महिन्याला २५ जणांना युव्हिआयटिस झालाच असता. हे पंचवीसही जण 'लसीनंतर महिन्याभरात डोळा बिघडला' असे सांगतील, आणि त्यांचे म्हणणे शब्दशः खरे असेल. इस्राएलच्या अभ्यासाप्रमाणे लाखामागे एक हे प्रमाण धरले तर लसीमुळे वाढलेले रुग्ण दहा. समोर बसलेला रुग्ण पंचविसांतील की दहांतील, हे केवळ तारखांवरून सांगता येत नाही.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत लसीनंतर घडलेल्या प्रत्येक अनिष्ट प्रकारास 'लसीकरणोत्तर प्रतिकूल घटना' म्हणतात. या शब्दात कारणाचा दावा नाही. ही घटना लसीच्या घटकांमुळे, लसीच्या सदोष प्रतीमुळे, टोचण्यातील चुकीमुळे, भीतीमुळे किंवा निव्वळ योगायोगाने घडलेली असू शकते. त्याचा निर्णय समिती करते, एकटा चिकित्सक नव्हे. संबंध दृढ मानण्यास काही निकष आहेत. लस व लक्षणे यांतील काळ संभवनीय असावा. अन्य कारणे तपासून वगळलेली असावीत. आणि सर्वांत सबळ म्हणजे, पुढील मात्रेनंतर तोच प्रकार पुन्हा घडलेला असावा.

नेत्ररोगाच्या चिकित्सेत निदानपरिवर्जन प्रथम सांगितले आहे, हे खरे. पण परिवर्जन सिद्ध झालेल्या निदानाचे करावयाचे असते, संशयिताचे नव्हे.

तीन उदाहरणे

पुढील उदाहरणे अध्ययनासाठी रचलेली आहेत.

पहिले. सोळा वर्षांच्या मुलास शाळेत धनुर्वात-घटसर्प लस दिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही डोळे लाल, चिपडे, पापण्या चिकटतात. धाकट्या भावालाही तसेच, त्याने लस घेतलेली नाही. बाहुली प्राकृत, उजेड सोसतो. हा सांसर्गिक अभिष्यंद होय. पालकांना नीट समजावून सांगावे, दृष्टी धूसर झाल्यास वा वेदना वाढल्यास त्वरित परत यावयास सांगावे.

दुसरे. बत्तीस वर्षांच्या परिचारिकेने हिपॅटायटिस-बी लसीची दुसरी मात्रा घेतली. बाराव्या दिवशी उजवा डोळा दुखू लागला, उजेड असह्य झाला, चिपडे नाहीत. बुबुळाभोवती लाली, बाहुली लहान. नीट विचारल्यावर पहिल्या मात्रेनंतरही दोन आठवड्यांनी असाच सौम्य त्रास झाल्याचे ती सांगते. तिला त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. घटना नोंदवावी. तिसऱ्या मात्रेचा निर्णय नेत्रतज्ज्ञ व लसीकरण अधिकारी यांनी मिळून घ्यावा.

तिसरे. पन्नाशीचा ऊसतोडणी मजूर. पाचट डोळ्यास लागले, जखम म्हणून धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले. पाच दिवसांनी डोळा लाल, बुबुळावर पांढरा ठिपका. 'सुई बाधली' अशी घरच्यांची खात्री. वास्तविक हा बुरशीजन्य व्रण असण्याचा संभव मोठा आहे. येथे कोणी स्टेरॉइडचे थेंब दिले तर डोळा जाईल.

वैद्याचे कर्तव्य

काय करावे :

१. प्रत्येक डोळ्याची दृष्टी स्वतंत्रपणे तपासावी. तक्ता नसल्यास ठराविक अंतरावरून बोटे मोजावयास लावावीत आणि नोंद लिहून ठेवावी.

२. वेदना, प्रकाश असह्य होणे, दृष्टी धूसर होणे, बाहुलीत फरक किंवा बुबुळावर ठिपका, यांपैकी एकही असल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. पंढरपूरचे उपजिल्हा रुग्णालय, खाजगी नेत्रतज्ज्ञ किंवा सोलापूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे लवकर गाठता येईल ते.

३. चिठ्ठीत लसीचे नाव, मात्रा, दिनांक, स्थान, शक्य असल्यास गट क्रमांक, लक्षणे सुरू झाल्याचा दिनांक, पूर्वीचे नेत्ररोग आणि चालू असलेली आयुर्वेदीय औषधे लिहावीत.

काय टाळावे :

१. निदान होण्यापूर्वी डोळ्यात काहीही घालू नये. मध, गुलाबपाणी, एरंडतेल, स्त्रीदुग्ध यांचा घरगुती वापर थांबवावा. सामावस्थेत अंजनादी क्रिया वर्ज्य आहेत, हे आपलेच शास्त्र सांगते. तर्पण, पुटपाक, तीक्ष्ण अंजन यांचा तर विचारही करू नये.

२. औषधाच्या दुकानातून मिळणारे स्टेरॉइडमिश्रित थेंब देऊ नयेत. योग्य रुग्णात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तेच थेंब दृष्टी वाचवतात. व्रणात किंवा हर्पिसच्या विषाणूजन्य शोथात तेच दृष्टी घालवतात. हा भेद केवळ नजरेने कळत नाही.

३. नेत्रतज्ज्ञाने सुरू केलेले स्टेरॉइड 'उष्ण आहे' म्हणून मध्येच बंद करावयास सांगू नये. अकस्मात बंद केल्यास शोथ उसळतो. बाहुली मोठी करणारे थेंब परितारिका चिकटू नये यासाठी असतात. त्यामुळे काही काळ धूसर दिसते, हे रुग्णास समजावून सांगावे.

शोथ शमल्यानंतर पथ्य, अग्निरक्षण, कोष्ठशुद्धी, निद्रा आणि पुनरावर्तन टाळण्यासाठी दीर्घकालीन निरीक्षण यांत आपला वाटा मोठा आहे. तेथे युक्तिपूर्वक चिकित्सा नेत्रतज्ज्ञांच्या संमतीने अवश्य करावी.

पुढील मात्रेविषयी

पूर्वी युव्हिआयटिस झाला आहे एवढ्याच कारणाने लस नाकारू नये. शक्यतो शोथ शांत असताना लस घ्यावी, आधी नेत्रतज्ज्ञास विचारावे, आणि नंतरच्या काही आठवड्यांत वेदना वा धूसरता जाणवल्यास तत्काळ दाखवावे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे तीव्र मात्रेत चालू असणाऱ्यांना जिवंत जंतूंच्या लसी देत नाहीत. हा नियम वेगळा, त्याचा घोळ घालू नये. बालकांच्या लसीकरणात तर एखाद्या नातेवाइकाच्या डोळ्याचा दाखला देऊन खंड पाडणे सर्वथा अनुचित होय.

नोंदीचे महत्त्व

दृष्टी जाणे किंवा रुग्णालयात दाखल व्हावे लागणे ही गंभीर प्रतिकूल घटना समजली जाते. ती २४ तासांच्या आत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास, तालुका आरोग्य अधिकाऱ्यास किंवा जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यास कळवावी. खाजगी वैद्यासही हे करता येते. भारतीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० पासून चालू असून त्याकडेही सूचना देता येते. नोंद करणे म्हणजे लसीवर आरोप करणे नव्हे. प्रत्येक नोंद पुढील रुग्णाच्या हिताची असते. आयुर्वेदीय औषधांच्या दुष्परिणामांचीही अशीच प्रामाणिक नोंद आपण केली पाहिजे. ज्या मापाने दुसऱ्याचे मोजावे, त्याच मापाने आपलेही मोजावे.

उपसंहार

लसीकरणोत्तर युव्हिआयटिस अतिविरळ आहे, पण अशक्य नाही. त्याची भीती घालणे जितके गैर, तितकेच त्याकडे दुर्लक्ष करणे गैर. रुग्णाच्या डोळ्यापुरता पाहता कारणाचा निर्णय नंतर होऊ शकतो, चिकित्सेस मात्र विलंब चालत नाही. शोथ लसीने आला असो वा क्षयाने, त्या दिवशीचे कर्तव्य एकच : निरोगी डोळ्यावर प्रकाश टाकून पाहणे, दृष्टी मोजणे, डोळ्यात काही न घालता रुग्णास नेत्रतज्ज्ञाकडे धाडणे आणि घटनेची नोंद करणे. आपल्या सदस्यांनी सापेक्ष निदानाचा वरील तक्ता आपापल्या दवाखान्यात व उपकेंद्रात लिहून लावावा, अशी आमची विनंती आहे. येत्या आषाढीत लाल डोळ्यांची रांग लागेल, तेव्हा त्या रांगेतील तो एक डोळा त्यामुळे वेळीच ओळखता येईल.